नाव आणि नांव

जुन्या मराठी लेखनात 'नाव' आणि 'नांव' हे दोन शब्द डोळ्यांना वेगळे दिसत. पाण्यावर तरंगते ती नाव, माणसाची ओळख ते नांव. दोहोंमध्ये फरक काय तो एका अनुस्वाराचा. १९६२ सालच्या शुद्धलेखनाच्या नियमांनी असे अनुच्चारित अनुस्वार काढून टाकले, आणि होडी व ओळख एकाच अक्षरजोडीत येऊन बसली. कोणती नाव अभिप्रेत आहे, ते तेव्हापासून संदर्भावरून ठरवावे लागते. या लेखापुरता तो जुना अनुस्वार आम्ही परत मागून घेत आहोत. कारण ज्या इतिहासाविषयी लिहायचे आहे, तो एका वाक्यात सांगायचा तर असा आहे : नाव पुढे गेली, नांव मागे राहिले.

विषय ऑलिंपिकमधील कयाक आणि कॅनो यांच्या शर्यतींचा आहे. क्रीडापानावरचा हा विषय साहित्याच्या चर्चेत कशासाठी, असा प्रश्न वाचकांना पडेल. आमचे उत्तर सोपे आहे. एखादे रूप एका समाजाकडून दुसऱ्या समाजाकडे जाताना त्याचे काय होते, शब्द कोणाच्या तोंडून निघतो आणि कोणाच्या कोशात स्थिरावतो, आणि 'कर्ता अज्ञात' असे लिहिताना आपण नेमके काय लिहीत असतो, हे प्रश्न साहित्याच्या अभ्यासकांचे रोजचे प्रश्न आहेत. या होड्यांच्या इतिहासात ते जितके उघडे पडले आहेत, तितके ग्रंथांच्या इतिहासातही क्वचितच दिसतात.

तीन खेळ, एक शब्द

२०२३ साली हांगझोऊ येथे झालेल्या आशियाई क्रीडास्पर्धेत भारताला पाण्यावरच्या तीन खेळांत पदके मिळाली : रोइंगमध्ये पाच, शिडाच्या नौकांमध्ये तीन आणि कॅनोमध्ये एक. हे शेवटचे कांस्यपदक अर्जुन सिंग आणि सुनील सिंग सलाम या जोडीने १,००० मीटरच्या शर्यतीत मिळवले. त्याआधीचे कॅनोतले पदक १९९४ च्या हिरोशिमा स्पर्धेतले होते, म्हणजे मध्ये एकोणतीस वर्षे गेली. मराठीत मात्र या तिन्ही खेळांना सर्रास 'नौकानयन' म्हटले जाते, आणि त्यामुळे यांत काही भेद असावा, हेच वाचकाच्या ध्यानी येत नाही.

भेद मोठा आहे. दत्तू भोकनळ २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये उतरला, तेव्हा महाराष्ट्राला ज्याचा परिचय झाला ते रोइंग. त्यात वल्हे होडीच्या कडेला अडकवलेले असते आणि खेळाडू जिकडे जायचे तिकडे पाठ करून बसतो. कयाक आणि कॅनो यांत वल्हे कशालाही जोडलेले नसते, ते केवळ हातात असते. आणि तोंड पुढे असते. मग या दोहोंतला भेद असा की कयाकमध्ये खेळाडू पाय पुढे पसरून बसतो व दोन्ही टोकांना पाती असलेले वल्हे आळीपाळीने डावी-उजवीकडे मारतो. शर्यतीच्या कॅनोमध्ये तो एका गुडघ्यावर टेकतो आणि एकाच पात्याचे वल्हे एकाच बाजूने मारतो. एकाच बाजूने रेटा बसल्यावर होडी साहजिकच वळू पाहते; तिला सरळ ठेवण्यासाठी प्रत्येक फटक्याच्या शेवटी वल्ह्याला मनगटाने किंचित पीळ द्यावा लागतो. कॅनोला सुकाणू नसते. सुकाणू असते ते त्या पिळात.

पुढे पाहत वल्हवण्याची ही रीत शर्यतीसाठी निघालेली नाही. सील मारायला निघालेला शिकारी सावजाकडे पाठ करून बसू शकत नाही. जंगलातल्या अनोळखी नदीतून जाणाऱ्याला पुढचा खडक आधी दिसावा लागतो. खेळाडूच्या बैठकीत आजही शिकाऱ्याची आणि वाटसरूची बैठक टिकून आहे. फक्त तिला तसे कोणी म्हणत नाही.

दोन शब्दांचे प्रवास

ऑलिंपिकच्या कार्यक्रमपत्रिकेत 'के-१', 'सी-२' अशी सांकेतिक अक्षरे असतात. 'के' म्हणजे कयाक, 'सी' म्हणजे कॅनो; आकडा माणसांचा. या दोन अक्षरांमागे दोन जगे आहेत.

'कॅनो'चे मूळ कॅरिबियन बेटांवरच्या ताइनो लोकांच्या भाषेत आहे. ऑक्टोबर १४९२ मध्ये कोलंबस त्या बेटांवर पोचला, तेव्हा एकाच खोडातून कोरलेल्या त्यांच्या लांब होड्या पाहून तो चकित झाला. त्याच्या रोजनिशीच्या सुरुवातीच्या नोंदींत या होड्यांसाठी 'आल्मादिया' हा अरबीतून स्पॅनिश-पोर्तुगीजांत आलेला शब्द येतो. माणूस नवी वस्तू जुन्या शब्दाने पाहतो, तसेच हे झाले. पण थोड्याच दिवसांत रोजनिशीत 'कनोआ' हा त्या लोकांचाच शब्द दिसू लागतो. १४९५ च्या सुमारास नेब्रिहाच्या स्पॅनिश-लॅटिन कोशात तो दाखल झाला. अमेरिका खंडातून युरोपीय कोशात शिरलेला हा पहिला शब्द मानला जातो.

या घटनेचा दुसरा भाग कोश सांगत नाही. शब्द कोशात गेला त्यानंतर साधारण अर्ध्या शतकात साथीचे रोग, सक्तमजुरी आणि संहार यांनी ताइनो समाजाची वाताहत झाली. त्यांचे वंशज आजही आहेत, आपली ओळख पुन्हा उभारत आहेत. पण त्यांची भाषा समाजभाषा म्हणून उरली नाही. तिचे जे शब्द जगभर फिरतात, त्यांत 'हरिकेन' आहे, 'हॅमॉक' आहे आणि 'कॅनो' आहे. वादळ, झोपाळा आणि होडी : एका भाषेचे एवढेच सामान किनाऱ्याला लागले.

पुढे हाच शब्द युरोपीयांनी उत्तरेकडच्या अगदी वेगळ्या होडीलाही लावला. सेंट लॉरेन्स नदीच्या आणि पंचमहासरोवरांच्या प्रदेशातील अल्गोंक्वियन भाषा बोलणारे लोक बर्च झाडाच्या सालीची होडी करीत. बर्च म्हणजे आपल्या भूर्जाचा सख्खा नातेवाईक. काश्मीरमध्ये ज्याच्या सालीवर पोथ्या लिहिल्या गेल्या, त्याच्याच कुळातल्या झाडाच्या सालीवर तिकडे माणसे नद्या ओलांडत होती. लाकडी बरगड्यांवर साल ताणायची, स्प्रूसच्या चिवट मुळांनी ती शिवायची, शिवणीवर डिंक व चरबी लावून पाणी रोखायचे. दोन नद्यांमध्ये जमीन आली की माणूस होडी डोक्यावर घेऊन चालू शके. या होडीवाचून कॅनडातला फरचा व्यापार उभा राहिला नसता.

'कयाक' हा शब्द आर्क्टिकमधल्या इनुइटांचा. त्यांच्या भूमीत झाडे नाहीत. समुद्राने वाहून आणलेले लाकूड किंवा हाडे यांचा सांगाडा, आणि त्यावर सीलचे कातडे. खिळा एकही नाही, सगळे बांधलेले. सांगाडा ज्याचा त्याच्या अंगाच्या मापाने होई : हाताच्या कवेची लांबी, नितंबांची रुंदी, मुठीची उंची. म्हणून कयाक वापरायला घेतली जात नसे, ती अंगावर चढवली जाई. कातडे शिवण्याचे काम स्त्रियांचे. सुई कातड्याच्या आरपार न जाता अर्ध्या जाडीतूनच फिरवायची, म्हणजे भोक पडत नाही आणि पाणी शिरत नाही. नवरा बर्फाच्या पाण्यातून परत येईल की नाही, हे त्या टाक्यांवर अवलंबून असे.

युरोपला ही होडी कशी कळली? त्याची एक हकिकत आम्हाला विसरता येत नाही. १६०५ साली डेन्मार्कच्या मोहिमेने ग्रीनलंडच्या किनाऱ्यावरून काही माणसे पकडून कोपनहेगनला नेली. त्यानंतरही असे प्रकार झाले. स्कॉटलंडमधील ॲबर्डीन विद्यापीठाच्या संग्रहात एक जुनी कयाक आहे. १७०० च्या आसपास ती त्या किनाऱ्याजवळ सापडली, आणि तिच्यात एक इनुइट माणूस होता. किनाऱ्यावर आणल्यावर थोड्याच दिवसांत तो मेला. होडी जपली गेली. तिची लांबी-रुंदी मोजली गेली. त्या माणसाचे नांव कोणी लिहून ठेवले नाही.

बॅरिस्टर, विद्यार्थी आणि शिंपी

या होडीचे खेळात रूपांतर करण्याचे श्रेय सामान्यतः जॉन मॅकग्रेगर या स्कॉटिश बॅरिस्टराला दिले जाते. त्याने उत्तर अमेरिकेच्या प्रवासात अशा होड्या पाहिल्या होत्या. १८६५ साली त्याने लंडनच्या लॅम्बेथमधील कारागिराकडून ओक आणि सीडर लाकडाची एक छोटी होडी बांधून घेतली, तिला 'रॉब रॉय' हे नांव दिले आणि तिच्यातून युरोपातील नद्या पालथ्या घातल्या. पुढच्या वर्षी या प्रवासाचे त्याचे पुस्तक निघाले, ते भरभरून खपले, आणि त्याच वर्षी त्याच्या पुढाकाराने थेम्सवर कॅनो क्लब स्थापन झाला. प्रवासवर्णनाने एक क्रीडाप्रकार जन्माला घातल्याचे हे दुर्मीळ उदाहरण आहे.

येथे शब्दाची एक गंमत झाली. मॅकग्रेगरची होडी बंदिस्त होती आणि वल्हे दोन पात्यांचे होते. म्हणजे घडणीने ती कयाकच्या जवळची. पण त्याने तिला कॅनो म्हटले. परिणामी ब्रिटिश इंग्रजीत 'कॅनो' हा दोन्ही होड्यांना पुरून उरणारा शब्द झाला. दोन्ही प्रकारांचा कारभार पाहणाऱ्या आंतरराष्ट्रीय महासंघाच्या नांवातही दीर्घकाळ फक्त कॅनो होता. शब्द ताइनोंचा, होडी इनुइटांची, क्लब लंडनचा.

विसाव्या शतकाच्या आरंभी म्युनिकमध्ये आल्फ्रेड हॉयरिख नावाचा वास्तुशास्त्राचा एक विद्यार्थी होता. १९०५ साली त्याने बांबूचा सांगाडा आणि त्यावर कापड अशी, घडी घालून पिशवीत भरता येणारी कयाक तयार केली. १९०७ मध्ये तिचे हक्क रोझेनहाइम गावच्या योहान क्लेपर याने विकत घेतले. क्लेपर व्यवसायाने शिंपी होता. घडीची होडी आगगाडीच्या डब्यात मावत असे. ज्याला स्वतःची नौका ठेवायला धक्का नाही की छप्पर नाही, असा शहरी कारकून किंवा कामगार रविवारी ती पाठीवर टाकून नदीकाठी जाऊ लागला. जर्मन भाषिक प्रदेशात या छंदाने मूळ धरले, आणि ऑलिंपिकमधील शर्यतींचा पाया तिथेच घातला गेला.

आम्हाला या शिंप्याचे विशेष वाटते. सांगाड्यावर आवरण शिवून पाणी अडवायचे, ही कल्पना त्याच्या कारखान्यात पोचली तेव्हा तिच्यामागे आर्क्टिकमधल्या कित्येक पिढ्यांच्या स्त्रियांचे टाके होते. क्लेपरचे नांव होडीवर छापले गेले, आणि त्यात गैर काही नाही; त्याने आपले काम उत्तम केले. फक्त शिवणाऱ्यांच्या रांगेत तो पहिला नव्हता.

ग्र्यूनाउ, १९३६

जानेवारी १९२४ मध्ये कोपनहेगन येथे ऑस्ट्रिया, जर्मनी, डेन्मार्क आणि स्वीडन या चार देशांनी मिळून या खेळाची पहिली आंतरराष्ट्रीय संघटना स्थापली. त्याच वर्षी पॅरिस ऑलिंपिकमध्ये कॅनडा आणि वॉशिंग्टनच्या खेळाडूंनी सेन नदीवर या होड्यांचे प्रात्यक्षिक दाखवले. पदकांच्या शर्यती मात्र १९३६ साली, बर्लिन ऑलिंपिकमध्ये, शहराबाहेरच्या ग्र्यूनाउ येथील लांबट सरोवरावर प्रथम झाल्या. एकोणीस देश उतरले होते. एकूण नऊ शर्यती, सर्व पुरुषांच्या. त्यांत दोन घडीच्या होड्यांच्या, १०,००० मीटर अंतराच्या. घडीच्या होडीला ऑलिंपिकमध्ये पुन्हा कधीच स्थान मिळाले नाही.

ऑस्ट्रियाचा ग्रेगोर ह्राडेट्स्की याने तिथे दोन सुवर्णपदके मिळवली : एक घडीच्या कयाकमध्ये, दुसरे १,००० मीटरच्या लाकडी कयाकमध्ये. हा पुढे चर्चमधील ऑर्गन बांधणारा कारागीर म्हणून नावाजला. एकट्याच्या कॅनोची १,००० मीटर शर्यत फ्रान्सिस ॲमियोट याने जिंकली. त्या ऑलिंपिकमधले कॅनडाचे ते एकमेव सुवर्णपदक.

ती स्पर्धा ज्या राजवटीच्या छायेत झाली, तिचे वंशश्रेष्ठतेचे तत्त्वज्ञान सर्वश्रुत आहे. त्या राजवटीने मोठ्या थाटात जो नवा खेळ कार्यक्रमात घेतला, त्याच्या दोन्ही होड्या आर्क्टिकच्या आणि अमेरिकेच्या मूलनिवासींच्या होत्या. हा विरोधाभास तेथे कोणाला जाणवल्याचे दिसत नाही. कारण तोवर नावेवरून नांव पुरते पुसले गेले होते. जर्मनमध्ये उघड्या कॅनोला 'कनाडियर' म्हणत, म्हणजे 'कॅनडावाली'. ऑलिंपिकच्या इंग्रजी पत्रिकांतही या शर्यती दीर्घकाळ 'कॅनेडियन' याच विशेषणाने ओळखल्या जात. म्हणजे होडी अल्गोंक्वियनांची राहिली नाही, ती कॅनडा नावाच्या राष्ट्राची झाली. ज्या राष्ट्राने त्या लोकांना राखीव वस्त्यांत हलवले, त्याचेच विशेषण त्यांच्या होडीला चिकटले.

यापुढचा क्रीडाइतिहास दैदीप्यमान आहे. स्वीडनच्या गर्ट फ्रेडरिक्सनने १९४८ ते १९६० या काळात सहा सुवर्णपदके मिळवली. बिर्गिट फिशरने १९८० च्या मॉस्कोत पूर्व जर्मनीतर्फे, वयाच्या अठराव्या वर्षी, पहिले सुवर्ण घेतले आणि २००४ च्या अथेन्समध्ये एकसंध जर्मनीतर्फे, बेचाळिसाव्या वर्षी, आठवे. १९७२ मध्ये म्युनिक ऑलिंपिकसाठी आउग्सबुर्ग येथे खवळत्या पाण्याचा कृत्रिम प्रवाह बांधला गेला. पूर्व जर्मनीने त्याची नक्कल आपल्याकडे त्स्विकाउ येथे उभारून तिच्यावर सराव केला आणि स्लालमची चारही सुवर्णपदके नेली. ही नक्कल कोणी कोणाची केली, हे मात्र सर्व पुस्तकांत नोंदलेले आहे. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये स्त्रियांच्या २०० मीटर कॅनो शर्यतीत केटी व्हिन्सेंट आणि नेव्हिन हॅरिसन यांच्यात एक शतांश सेकंदाचे अंतर होते, तेही नोंदलेले आहे. सेकंदाचा शंभरावा भाग जपणाऱ्या वहीत होडी घडवणाऱ्यांसाठी मात्र रकाना नाही.

बायकांची होडी

आणखी एक विसर आहे, आणि तो अधिक बोचरा आहे. इनुइट समाजात दोन होड्या होत्या. कयाक पुरुषाची, शिकारीची. 'उमियाक' ही मोठी, उघडी होडी. तिच्यात घरदार, मुले, कुत्री घालून मुक्काम हलवला जाई. ग्रीनलंडमध्ये ती वल्हवत स्त्रिया, आणि डॅनिश भाषेत तिचे नांवच 'बायकांची होडी' असे होते. इकडे बर्चच्या जंगलात सालीची होडी शिवणे आणि डिंक लावणे हे बहुधा स्त्रियांचे काम असे, आणि होडी वल्हवण्यात स्त्रिया कुठेही मागे नव्हत्या.

ऑलिंपिकने या मांडणीची उलटापालट केली. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये स्त्रियांसाठी एक शर्यत ठेवली गेली : कयाक, ५०० मीटर. डेन्मार्कच्या कारेन हॉफने ती जिंकली. म्हणजे मूळ समाजात जी होडी पुरुषाची, ती स्त्रियांना मिळाली. आणि ज्या होडीच्या शिवणीवर स्त्रियांचे हात होते, त्या कॅनोची शर्यत त्यांना बंद राहिली. एका गुडघ्यावर टेकून एकाच बाजूने वल्हवणे स्त्रीच्या शरीराला अपायकारक आहे, अशी समजूत दीर्घकाळ सांगितली जाई. जंगलात शतकानुशतके मुलाबाळांसह गुडघ्यांवर बसून कॅनो वल्हवणाऱ्या स्त्रियांना हे कोणी विचारले नव्हते.

हे दार उघडायला किती काळ लागावा? जागतिक अजिंक्यपद स्पर्धेत स्त्रियांची कॅनो शर्यत २०१० मध्ये आली. ऑलिंपिकमध्ये ती टोकियोत आली. ते ऑलिंपिक २०२० चे म्हणवले गेले, पण महासाथीमुळे २०२१ साली झाले. अमेरिकेच्या नेव्हिन हॅरिसनने २०० मीटरची आणि ऑस्ट्रेलियाच्या जेसिका फॉक्सने स्लालमची पहिली सुवर्णपदके घेतली. पुरुषांच्या पहिल्या कॅनो शर्यतीनंतर पंचाऐंशी वर्षांनी स्त्रिया गुडघ्यावर टेकून ऑलिंपिकच्या पाण्यात आल्या. बातम्यांनी या घटनेचे वर्णन 'प्रथमच' असे केले. ऑलिंपिकपुरते ते खरे होते.

गरुडाचे पीस

हा सगळा इतिहास असाच संपला असता तर हा लेख केवळ तक्रारीचा झाला असता. पण मध्ये एक क्षण आहे.

मॉन्ट्रियलजवळ, सेंट लॉरेन्सच्या काठी, काहनावाके ही मोहॉक लोकांची वस्ती आहे. तिथली माणसे त्या नदीच्या खळाळत्या पाण्याची जाणकार म्हणून प्रसिद्ध होती. १८८४ साली सुदानमध्ये खार्टूम येथे जनरल गॉर्डन वेढ्यात अडकला, तेव्हा ब्रिटिश सरकारने नाईल नदीच्या धबधब्यांवरून सैन्याच्या नावा चढवण्यासाठी कॅनडातून नावाडी मागवले. त्यांत काहनावाकेचे सुमारे साठ मोहॉक होते. काही परतले नाहीत. जे परतले त्यांतील लुई जॅक्सन या मुकादमाने १८८५ साली या मोहिमेची हकिकत पुस्तकरूपाने प्रसिद्ध केली. साम्राज्याच्या कामी गेलेल्या या नावाड्यांतला एक जण स्वतः लेखक झाला, ही साहित्याच्या विद्यार्थ्याने टिपून ठेवावी अशी गोष्ट आहे.

त्यानंतर बरोबर शंभर वर्षांनी, १९८४ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये, कासितास सरोवरावर १,००० मीटरची दोघांची कयाक शर्यत झाली. कॅनडाच्या ह्यू फिशर आणि ॲल्विन मॉरिस यांनी ती जिंकली. त्याच स्पर्धेत ५०० मीटरमध्ये त्यांना कांस्यपदकही मिळाले. पूर्वेकडील साम्यवादी देशांचा त्या ऑलिंपिकवर बहिष्कार होता, हे खरे. त्यामुळे काही बलाढ्य प्रतिस्पर्धी नव्हते. पण आम्हाला सांगायचे आहे ते शर्यतीनंतरचे. मॉरिस काहनावाकेचा मोहॉक. पदक स्वीकारायला तो मंचावर उभा राहिला तेव्हा त्याच्या हातात गरुडाचे पीस होते, आणि ते त्याने उंच धरले. आपल्या आजोबांच्या स्मरणार्थ आणि आपल्या लोकांच्या वतीने.

या कृतीत घोषणा नव्हती, निषेधाचा आवेशही नव्हता. ते पीस म्हणजे एक तळटीप होती. ज्या खेळाच्या पत्रिकेत अठ्ठेचाळीस वर्षे 'कॅनेडियन' लिहिले जात होते, त्या खेळाच्या मंचावर एका मूलनिवासी माणसाने मूळ पाठाचा निर्देश केला. तेही कॅनोत नव्हे, कयाकमध्ये. म्हणजे स्वतःच्या पूर्वजांच्या होडीत नव्हे, उत्तरेकडच्या दुसऱ्या एका समाजाच्या होडीत. उसने रूप घेऊनही मूळ आठवता येते, याचा याहून नेमका पुरावा आम्हाला ठाऊक नाही.

त्याच दशकात ग्रीनलंडमध्ये तरुणांनी कयाक मंडळे काढली. सीलच्या शिकारीत मोटरबोटी आल्यामुळे मागे पडलेली होडी ते पुन्हा बांधू लागले, उलटलेली कयाक पाण्यातच फिरवून सरळ करण्याच्या जुन्या युक्त्या वडीलधाऱ्यांकडून शिकू लागले, आणि या युक्त्यांच्या राष्ट्रीय स्पर्धा भरू लागल्या. त्या स्पर्धेत वेगाइतकेच मोल पाण्याखालून वर येण्याला आहे. ग्रीनलंडला ऑलिंपिकमध्ये स्वतःचा संघ नाही. तिथल्या खेळाडूला डेन्मार्कच्या नावाखाली उतरावे लागते. कयाक ऑलिंपिकमध्ये आहे, कयाकचा देश नाही.

दक्षिणेकडे ब्राझीलच्या बाहिया प्रांतात उबाइताबा नावाचे छोटे गाव आहे. तुपी भाषेतल्या त्या नावाचा अर्थ 'कॅनोंचे गाव' असा सांगतात. तिथे जन्मलेल्या इसाकियास केरोझने २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये कॅनोत तीन पदके मिळवली आणि टोकियोत सुवर्ण. गावाच्या नांवात जे जपले गेले होते, ते एका मुलाने पाण्यावर वाचून दाखवले.

रूप उसने घ्यावे, पण

कोणी म्हणेल, रूपे तर प्रवास करतातच. इटलीत जन्मलेले सॉनेट इंग्रजीमार्गे आपल्याकडे आले आणि त्याचे 'सुनीत' झाले. गझल फारसीतून आली आणि मराठीत रुळली. यात चोरी कोणती? आम्हालाही यात चोरी दिसत नाही. रूप कुलूपबंद ठेवणाऱ्या संस्कृतीचे रूप कुलपातच कुजते. शिवाय कयाक शर्यतीने आर्क्टिकच्या होडीला जे अफाट आयुष्य दिले, ते संग्रहालयाने दिले नसते. क्लेपरच्या घडीच्या होडीतून नदीवर जाणाऱ्या कामगाराचा आनंद खराच होता.

पण एक फरक डोळ्यांआड करता येत नाही. सुनीत लिहिणाऱ्या मराठी कवीला सॉनेट कोठले, हे ठाऊक असते; वर्गात पहिल्याच तासाला ते सांगितले जाते. रूप जेव्हा बलवानाकडून येते तेव्हा त्याचे गोत्र सोबत येते. दुर्बळाकडून येते तेव्हा ते अनाथ ठरवले जाते, आणि मग दत्तक घेणाऱ्याचे आडनाव त्याला लागते. आपल्या लोकसाहित्याच्या संग्रहांतही हेच घडले आहे. जात्यावर बसून ओव्या रचणाऱ्या बायकांची नांवे किती पानांवर आहेत? संग्राहकाचे नांव मुखपृष्ठावर असते, आणि आत 'पारंपरिक' हा एक शब्द असतो. हा शब्द नम्र दिसतो. पण कित्येकदा तो फक्त एवढेच सांगतो की विचारायचे राहून गेले.

आजच्या शर्यतीची एकट्याची कयाक ५.२० मीटरहून लांब असू शकत नाही आणि तिचे वजन किमान १२ किलो असावे लागते. नियम सर्वांना एकच. शर्यत न्याय्य होण्यासाठी ते आवश्यकच आहे. पण हीच होडी एके काळी एकाच माणसाच्या कवेने आणि मुठीने मोजली जाई आणि त्या माणसाची बायको ती शिवीत असे, एवढे त्या मापांच्या शेजारी कोठे तरी लिहिलेले असावे, असे आम्हाला वाटते. सगळी नांवे आता परत मिळणार नाहीत. ॲबर्डीनच्या किनाऱ्यावर मेलेल्या त्या माणसाचे तर नाहीच. पण कोरी जागा कोरी म्हणून दाखवणे हाही अभ्यासकाचा धर्म आहे. पोथीत अक्षर गळाले असेल तर चांगला संपादक तिथे स्वतःचे अक्षर घालत नाही. जागा मोकळी ठेवतो. आपल्या शुद्धलेखनाने काढून टाकलेला तो अनुस्वार उच्चारात नव्हताच. तो केवळ एवढे सांगत असे की येथे पूर्वी काही तरी होते.